पदवीवर सही कोणाची?

मी रायपूरहून बोलतेय. आजचा विषय आहे इंजिनिअरिंगसाठी विद्यापीठ कसं निवडायचं. शाखा कोणती घ्यावी, कॉम्प्युटर की मेकॅनिकल, यावर बोलणारे पुष्कळ आहेत आणि त्यांना त्यातलं माझ्यापेक्षा जास्त कळतं. माझं काम कागदांचं होतं. प्रवेशाच्या दिवसांत मूळ कागदपत्रं तपासायच्या टेबलावर मी बरीच वर्षं बसले. त्या टेबलावरून घरं दिसतात बघा. फाइल कोणाच्या हातात आहे, उत्तर मुलगी देते की तिचे बाबा, आई कोपऱ्यात उभी राहून काय पुटपुटते, सगळं दिसतं. आणि दरवर्षी एक गोष्ट हमखास दिसायची. कॉलेजचं गेट कसं आहे, मेसमध्ये पोळी मिळते की नुसता भात, प्लेसमेंटचा सगळ्यात मोठा आकडा किती, हे घरातल्या सगळ्यांना पाठ. पण मी विचारलं, "पदवी कोण देणार?" की समोरचे गप्प. "म्हणजे काय मॅडम? कॉलेजच देणार ना!"

तर तसं नसतं. बहुतेक कॉलेजं पदवी देतच नाहीत. ती शिकवतात, हजेरी घेतात, फी घेतात. पदवी देतं विद्यापीठ. आणि विद्यापीठ म्हणजे काय, हे कुणी आपल्या मनाने ठरवायचं नसतं. १९५६चा विद्यापीठ अनुदान आयोगाचा, म्हणजे यूजीसीचा कायदा आहे, त्याच्या कलम २२ मध्ये ते लिहिलंय. पदवी देण्याचा हक्क कोणाला? संसदेच्या किंवा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठाला, केंद्र सरकारने 'अभिमत' म्हणून जाहीर केलेल्या संस्थेला, किंवा संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्थेला. बाकी कोणी कितीही जाड कागदावर, कितीही सोनेरी शाईने छापून दिलं, तरी ती पदवी नव्हे. यूजीसी दरवर्षी बोगस विद्यापीठांची यादी काढते. आपल्या नागपुरातलं एक नाव, राजा अरेबिक युनिव्हर्सिटी, त्या यादीत वर्षानुवर्षं होतं. म्हणजे हे सगळं दूर कुठे तरी घडतं, असं समजायचं कारण नाही.

पण बोगस विद्यापीठ ओळखणं तुलनेने सोपं. यादीत नाव सापडतं, विषय संपतो. अवघड प्रकरण वेगळं असतं. विद्यापीठ बोगस नाही, सरकारनेच ते स्थापन केलंय, राजपत्रात नाव छापून आलंय, आणि तरीही ते उद्या उरत नाही. हे घडलंय. आमच्याच रायपुरात घडलंय. आणि आज वीस वर्षांनंतर मी मुलांना त्याबद्दल विचारते, तेव्हा एकालाही माहीत नसतं. म्हणून ते जरा सविस्तर सांगते.

छत्तीसगड राज्य १ नोव्हेंबर २००० ला झालं. तेव्हा जिल्हे किती? सोळा. नवं राज्य, नवी राजधानी, सगळ्यांना वाटत होतं की शिक्षणात काही तरी मोठं व्हावं. २००२ मध्ये राज्याने खासगी विद्यापीठांचा कायदा केला. त्याच्या कलम ५ आणि ६ नुसार सरकारकडे प्रकल्प अहवाल घेऊन जायचं, सरकारला पटला तर राजपत्रात अधिसूचना निघणार, आणि झालं विद्यापीठ. जमीन, प्रयोगशाळा, प्राध्यापक, ग्रंथालय हे सगळं पुढे होईल, असा हिशेब. आणि मग अधिसूचना निघतच गेल्या. साधारण वर्षभरात विद्यापीठं झाली ११२. सोळा जिल्ह्यांना ११२! भागाकार करून बघा, जिल्ह्याला सात पडतात. ज्या जिल्ह्यात धड पदव्युत्तर कॉलेज नाही, त्याच्याही वाट्याला हिशेबाने सात विद्यापीठं. यातल्या बऱ्याच विद्यापीठांना इमारत नव्हती की आवार नव्हतं, ती एका खोलीत चालली होती. हे मी पदरचं सांगत नाहीये, सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात नोंदवलंय. शिवाय या कायद्यात राज्याबाहेर केंद्रं काढायचीही मुभा होती. म्हणजे नाव छत्तीसगडचं आणि वर्ग भरणार दुसऱ्याच राज्यात.

याविरुद्ध न्यायालयात कोण गेलं? प्राध्यापक यशपाल. आमच्या पिढीला ते दूरदर्शनवरच्या 'टर्निंग पॉइंट'मुळे माहीत. साध्या भाषेत विज्ञान सांगणारे, पांढऱ्या केसांचे, हसरे गृहस्थ. मुळात वैश्विक किरणांवर काम केलेले शास्त्रज्ञ, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले. आणि १९८६ ते १९९१ यूजीसीचे अध्यक्ष. शाळेच्या दप्तराचं ओझं कमी करा असं सांगणारी १९९३ची समिती, तीही त्यांचीच. ज्यांनी देशातली विद्यापीठं आतून पाहिली होती, ते वयाच्या पंचाहत्तरीनंतर एका छोट्या नव्या राज्याच्या कायद्याविरुद्ध जनहित याचिका करतात. मला याचं फार अप्रूप वाटतं. त्यांचं स्वतःचं यात काहीच अडलेलं नव्हतं.

निकाल लागला ११ फेब्रुवारी २००५ ला. सरन्यायाधीश लाहोटी यांचं खंडपीठ होतं. कलम ५ आणि ६ घटनाबाह्य ठरली, आणि त्यांच्या आधारावर उभी राहिलेली सगळी विद्यापीठं एका दिवसात गेली. न्यायालयाचा युक्तिवाद कायद्याच्या भाषेत मोठा आहे, पण त्याचं सार घरगुती भाषेत सांगता येतं. विद्यापीठ स्थापन करणं हा राज्याचा विषय आहे, मान्य. पण उच्च शिक्षणाचा दर्जा ठरवणं आणि राखणं हे केंद्राकडे आहे. शिकवायला माणसं नाहीत, शिकायला जागा नाही, नुसता अहवाल आहे, अशा गोष्टीला पदवी द्यायचा अधिकार देऊन टाकला तर दर्जा कोण आणि कसा राखणार? आधी शिकवण्याची सोय, मग पदवीचा अधिकार. बाळ जन्मायच्या आधीच त्याच्या सहीचे चेक छापायचे नसतात. हे शेवटचं वाक्य माझं बरं का, न्यायालयाचं नाही. आणि राज्याबाहेर केंद्रं काढण्याची तरतूद, तीही टिकली नाही. छत्तीसगडच्या विधानसभेला छत्तीसगडबाहेरचा कायदा करता येत नाही, इतकं साधं कारण.

मुलांचं काय झालं? न्यायालयाने त्यांचा विचार केला. ज्या संस्थांत खरोखर मुलं शिकत होती, त्या निकषांत बसत असतील तर राज्यातल्या आधीच्या विद्यापीठांशी संलग्न करून घ्याव्यात, असं सांगितलं. ऐकायला बरं वाटतं. पण त्या 'निकषांत बसत असतील तर' मध्ये किती घरं अडकली! आमच्या ओळखीतल्या एका मुलाची गोष्ट सांगते, नावं नकोत. दीड वर्ष झालं होतं त्याचं. त्याचे वडील निकालानंतर माझ्याकडे फीची पावती घेऊन आले. पावतीवर विद्यापीठाचं नाव मोठ्ठं, खाली पत्ता एका व्यापारी संकुलातल्या दुसऱ्या मजल्याचा. ते म्हणाले, "पण सरकारच्या राजपत्रात होतं हो नाव. मी स्वतः वाचलं होतं." खरंच होतं. त्या माणसाने आपल्या परीने चौकशी केली होती, तेही त्या काळात, जेव्हा राजपत्र बघायला कचेरीत जावं लागायचं. त्या मुलाने पुन्हा पीईटी दिली आणि एका संलग्न कॉलेजात पहिल्या वर्षापासून सुरुवात केली. दोन वर्षं गेली. आज त्याचं चांगलं चाललंय. पण धाकट्या बहिणीचं लग्न, वडिलांची निवृत्ती, सगळ्या हिशेबात ती दोन वर्षं होती.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे इमारत बघायची. इमारत असली की विद्यापीठ खरं. इथेच गंमत आहे. २०१६ मध्ये आयआयटी भिलाई सुरू झाली. कुठे सुरू झाली? भिलाईत नाही. रायपूरजवळ सेजबहारला राज्य सरकारचं इंजिनिअरिंग कॉलेज आहे, त्याच्या आवारात. स्वतःची इमारत नाही, नावात भिलाई आणि मुलं रायपुरात. तेव्हा मला पालक विचारायचे, "ही कसली आयआयटी? उसन्या जागेतली?" पण या आयआयटीचं नाव संसदेने आयआयटीच्या १९६१च्या कायद्यात घातलेलं होतं. पहिल्या वर्गाला शिकवायला निवडलेले प्राध्यापक होते. जबाबदारी केंद्र सरकारची होती. पुढे दुर्ग जिल्ह्यात कुटेलाभाठाला मोठं आवार झालं, फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याचं रीतसर लोकार्पण झालं. पण सेजबहारच्या उसन्या वर्गात शिकलेल्या मुलाची पदवी आणि कुटेलाभाठात शिकलेल्याची पदवी एकच. दोन्हीकडे भाड्याची किंवा उसनी जागाच होती, पण एकीकडे पदवी उभी राहिली आणि दुसरीकडे कोसळली. तेव्हा भिंतींकडे जरूर बघा, पण भिंतींच्या मागे कोणता कायदा आणि कोणाची जबाबदारी आहे, ते त्याआधी बघा.

आमच्या एनआयटीचं उदाहरण घ्या. जीई रोडवरची ती जुनी इमारत रायपुरात सगळ्यांना ठाऊक. १९५६ मध्ये ते खाणकाम आणि धातुशास्त्राचं सरकारी कॉलेज म्हणून निघालं. त्या सप्टेंबरात राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी कोनशिला बसवली. तेव्हा भिलाईच्या पोलाद कारखान्याची तयारी चालू होती, खाणी आणि भट्ट्या सांभाळायला माणसं हवी होती. तारखेकडे लक्ष द्या: सप्टेंबर १९५६. रायपूर तेव्हा अजून नागपूर राजधानी असलेल्या राज्यातच होतं. दीड महिन्याने राज्य पुनर्रचना झाली, नागपूर मुंबई राज्यात गेलं, आम्ही मध्य प्रदेशात. पुढे हे कॉलेज सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज झालं, पदव्या रविशंकर विद्यापीठाच्या. १ डिसेंबर २००५ ला एनआयटी झालं, आता पदवी एनआयटीचीच, संसदेच्या कायद्याने. इमारत तीच, पिंपळाची झाडं तीच, पण बापाच्या पदवीवर एक नाव आणि मुलीच्या पदवीवर दुसरं. पुण्याच्या सीओईपीचंही तसंच. १८५४ पासूनची संस्था, पदव्या आधी मुंबई विद्यापीठाच्या, मग पुणे विद्यापीठाच्या. २०२२ पासून ती स्वतःच विद्यापीठ आहे.

म्हणजे नावावरून काही कळत नाही. आणखी एक नमुना बघा. 'ट्रिपल आयटी' हे नाव ऐकलं की लोक म्हणतात, केंद्राची संस्था. नागपूरची आणि पुण्याची ट्रिपल आयटी संसदेच्या २०१७च्या कायद्याखाली येतात. नया रायपूरची ट्रिपल आयटी मात्र छत्तीसगड सरकारने एनटीपीसीला बरोबर घेऊन काढली, तिच्या मागे राज्याचा २०१३चा कायदा आहे. यात कमी-जास्त काही नाही, राज्याच्या कायद्याचीही पदवी पूर्ण कायदेशीर असते. पण दोन्ही एकाच कुळातल्या आहेत असं समजून अर्ज भरलात, तर राखीव जागा, फी, प्रवेशाचे नियम, सगळीकडे गोंधळ होतो.

मग बाकीची कॉलेजं? रायपूर, भिलाई, दुर्ग, बिलासपूर, जगदलपूरची सरकारी आणि बहुतेक खासगी इंजिनिअरिंग कॉलेजं छत्तीसगड स्वामी विवेकानंद तांत्रिक विद्यापीठाशी संलग्न आहेत. त्याचं मुख्यालय भिलाईत, सुरुवात २००५ची. हेच वर्ष, लक्षात येतंय ना? संलग्न कॉलेजचा एक तोटा सगळे सांगतात, अभ्यासक्रम जुना, परीक्षा उशिरा, निकाल त्याहून उशिरा. खोटं नाही. पण एक फायदा कोणी सांगत नाही. उद्या ते कॉलेज बंद पडलं, आणि इथे कॉलेजं बंद पडलेली मी पाहिली आहेत, तरी तुमची गुणपत्रिका विद्यापीठाकडे असते. मुलं दुसऱ्या संलग्न कॉलेजात जाऊ शकतात, पदवीवर नाव तेच राहतं. खासगी विद्यापीठात मात्र शिकवणारा, परीक्षा घेणारा आणि पदवी देणारा एकच. तो चांगला असेल तर उत्तम, अभ्यासक्रम पटापट बदलतो, निकाल वेळेवर लागतो. पण तुमच्या मुलाच्या पेपरवर बाहेरच्या कोणाची नजर नसते.

'स्वायत्त' हा शब्दही नीट समजून घ्या, नागपूर-पुण्याच्या जाहिरातींत तो फार असतो. स्वायत्त कॉलेज अभ्यासक्रम आणि परीक्षा स्वतः ठरवतं, पण पदवी मूळ विद्यापीठाचीच असते. स्वायत्त म्हणजे विद्यापीठ नव्हे.

आजची खासगी विद्यापीठं २००२च्या कायद्यातली नाहीत, हेही सांगायला हवं, नाही तर मी उगाच भीती घालते असं व्हायचं. निकालानंतर छत्तीसगडने २००५ मध्ये नवा कायदा केला. आता प्रत्येक विद्यापीठाचं नाव विधानसभेतून कायद्याला जोडलं जातं, वर नियामक आयोग आहे. यातली काही चांगली चालली आहेत. तिथे शिकून उत्तम नोकरीला लागलेल्या मुली माझ्या ओळखीत आहेत. पण कायदेशीर असणं म्हणजे चांगलं असणं नव्हे. कायदेशीर असणं म्हणजे घराला जोतं असणं. जोत्याशिवाय घर उभं राहत नाही, पण नुसत्या जोत्यावर राहताही येत नाही.

इथे एक बारकावा आहे, तो बहुतेक पालकांना माहीत नसतो. इंजिनिअरिंग म्हटलं की आपण विचारतो, "एआयसीटीईची मान्यता आहे का?" संलग्न कॉलेजला ती लागतेच, दरवर्षी पत्र येतं, कोणत्या शाखेला किती जागा ते त्यात असतं. ते पत्र मागा, यंदाचं मागा. पण भारतीदासन विद्यापीठाच्या खटल्यात २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठाला नवी शाखा काढायला एआयसीटीईची पूर्वपरवानगी लागत नाही. दर्जा त्यांच्या निकषांचा ठेवायचा, पण परवानगी नको. त्यामुळे खासगी विद्यापीठाच्या खिडकीवर "मान्यता लागत नाही" असं उत्तर मिळालं तर ते खोटं नसतं. पण मग दर्जाचा पुरावा दुसरा मागायचा. तो म्हणजे एनबीए.

एनबीए आणि नॅक यांची लोक खिचडी करतात. नॅक सबंध संस्थेला श्रेणी देतं. एनबीए एकेका शाखेला मान्यता देतं, तीही ठरावीक वर्षांपुरती. एकाच कॉलेजात मेकॅनिकलला एनबीए असतं आणि नव्याने काढलेल्या 'एआय-डेटा सायन्स'ला नसतं. जाहिरातीत मात्र मोठ्या अक्षरांत 'एनबीए मान्यताप्राप्त' एवढंच. ज्यांची मुलं पुढे परदेशात जाणार आहेत, त्यांनी आणखी एक पाहावं. भारत २०१४ मध्ये वॉशिंग्टन कराराचा पूर्ण सदस्य झाला, त्यामुळे एनबीएची टियर-१ मान्यता असलेल्या शाखेची पदवी करारातले देश बरोबरीची मानतात. टियर-२ त्यात येत नाही.

आणि दूरशिक्षणाने इंजिनिअरिंग? तो विषय एका वाक्यात संपवते. नोव्हेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार अभिमत विद्यापीठांच्या अशा पदव्यांवर निकाल दिला. २००१ ते २००५ मध्ये प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या स्थगित झाल्या आणि त्यांना पुन्हा परीक्षेला बसायला लागलं, त्यानंतरच्यांच्या रद्द झाल्या. नोकरीत पंधरा वर्षं काढलेली, बढती मिळालेली माणसं होती ती.

आता आपल्या मराठी घरांकडे येते, कारण माझ्या टेबलावर सगळ्यात जास्त वाद इथेच व्हायचे. आमची घरं इथे भोसल्यांच्या काळापासून आहेत. तात्यापाऱ्यात, बूढापाऱ्यात, पुढे चौबे कॉलनीत. घरात मराठी, बाहेर हिंदी आणि छत्तीसगढी. आणि बारावी झाली की घरातल्या मोठ्यांना पुणं आठवतं. "पुण्यात आत्या आहे." "आपण महाराष्ट्रीयनच आहोत, आपल्याला तिथे कोटा असेल." मंडळी, नसतो. मातृभाषा मराठी असल्याने महाराष्ट्रात इंजिनिअरिंगची जागा मिळत नाही. महाराष्ट्राचा उमेदवार ठरायला दहावी-बारावी तिथली लागते, किंवा मुलाचा अथवा आई-वडिलांपैकी एकाचा महाराष्ट्राचा अधिवास दाखला लागतो, किंवा सरकारी नोकरीतल्या बदलीसारखी काही ठरावीक कारणं. भाषेचा विचार फक्त एका ठिकाणी होतो, कर्नाटकाशी वाद असलेल्या सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी. बेळगावच्या मुलाला ती सोय आहे, रायपूर, इंदूर, बडोदा, हैदराबादच्या मराठी मुलाला नाही. तीन पिढ्या इथे राहिलेल्या घराला महाराष्ट्राचा दाखला मिळण्याचं कारणच नाही, आणि एजंट मिळवून देतो म्हणाला तर त्याला चहाही पाजू नका. पुण्याला जायचं तर जेईई मेनच्या गुणांवर देशभरच्या मुलांसाठी ज्या जागा असतात त्या, किंवा व्यवस्थापनाच्या. मग फी आणि वसतिगृह मिळून चार वर्षांचा हिशेब मांडा, आणि मग आत्याला फोन करा.

उलट जी गोष्ट आपल्या हातात आहे, तिचं मोल घरात कोणाला नसतं. एनआयटीत निम्म्या जागा गृहराज्याच्या मुलांना असतात. गृहराज्य कोणतं? जिथून बारावी पहिल्यांदा पास झालात ते. जन्म कुठला, आडनाव कुठलं, आधारवर पत्ता कुठला, काही संबंध नाही. आता हिशेब करा. महाराष्ट्रात एनआयटी एकच, नागपूरची. छत्तीसगडमध्येही एकच, रायपूरची. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या सव्वाअकरा कोटी, छत्तीसगडची अडीच कोटी. निम्म्या जागांवर तिथे सव्वाअकरा कोटींची मुलं, इथे अडीच कोटींची. रायपुरात बारावी झालेल्या कुलकर्ण्यांच्या मुलाला जो फायदा आहे, तो ठाण्याच्या कुलकर्ण्यांच्या मुलाला नाही.

आणि हा फायदा घरं कशी घालवतात? दहावीनंतर मुलाला कोटाला पाठवतात. कोचिंगवाला म्हणतो, बारावीचा दाखला इथल्याच शाळेत घ्या, जायची गरज नाही, हजेरी आम्ही बघू. दोन वर्षांनी कौन्सेलिंगचा फॉर्म भरताना कळतं की पोराचं गृहराज्य राजस्थान झालंय. रायपूरची एनआयटी त्याला परराज्याची, जयपूरची घरची. नागपूरला मामाकडे ठेवून बारावी केली, तर नागपूरची घरची आणि रायपूरची परकी. कधी कधी ते सोयीचंही असतं, मी नाही म्हणत नाही. पण हा निर्णय अकरावीच्या प्रवेशाच्या दिवशी होतो, आणि त्या दिवशी घरात कोणी एनआयटीचं नावही काढलेलं नसतं. आयआयटीला मात्र गृहराज्य नसतं. भिलाईची आयआयटी तीस किलोमीटरवर आहे म्हणून तिथे आपल्याला काही वेगळं मिळत नाही.

एक शेवटचं, मग प्रश्न घेऊ. मूळ कागदपत्रं कोणत्याही कॉलेजकडे ठेवून येऊ नका. तपासायला द्या, परत घ्या. प्रवेश रद्द केला तर फी किती परत मिळते, याचे यूजीसीचे नियम आहेत, आणि दाखले अडकवून ठेवू नयेत हेही त्यात आहे. पण नियम असणं आणि जुलै महिन्यात खिडकीवरच्या माणसाने तो पाळणं यात अंतर असतं. झेरॉक्सचे चार संच करा, स्वस्त पडतं.

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न: खासगी विद्यापीठाबद्दल घरबसल्या काय तपासता येईल?

तीन गोष्टी. यूजीसीच्या संकेतस्थळावर विद्यापीठांच्या याद्या आहेत, तिथे नाव आणि स्थापनेचं वर्ष बघा. विद्यापीठाच्या स्वतःच्या पानावर कायद्याचा क्रमांक आणि वर्ष असायला हवं, नसेल तर फोन करून विचारा. आणि तुम्हाला हवी ती शाखा, तिचं एनबीए, कोणत्या तारखेपर्यंत. याशिवाय एक घरगुती उपाय सांगते. तिथून पास झालेल्या एखाद्या मुलाची पदवी प्रत्यक्ष बघायला मागा. वरती कोणाचं नाव आहे, आवार कुठलं लिहिलंय, सही कोणाची. ते पाच मिनिटांत कळतं आणि कोणत्याही माहितीपत्रकात सापडत नाही.

प्रश्न: माझ्या मुलीला एनआयटी रायपूरला मायनिंग मिळेल असं दिसतंय. पुण्याच्या एका खासगी विद्यापीठात कॉम्प्युटर मिळतंय. सगळे म्हणतात, मुलीने खाणीत काय करायचं?

सगळ्यांना आधी हे सांगा की १९५२च्या खाण कायद्याने बायकांना जमिनीखालच्या कामाला बंदी होती, पण २०१९ मध्ये केंद्राने ती सैल केली. तांत्रिक आणि देखरेखीच्या कामासाठी, दिवसाच्या वेळेत, लेखी संमती घेऊन बायकांना भूमिगत खाणीत काम करायची मुभा मिळाली. उघड्या खाणीत रात्रीही. त्यामुळे "मुलीने काय करायचं" याचं उत्तर तुमच्या वेळेपेक्षा आता वेगळं आहे. पुढे व्यवस्थापक व्हायचं तर खाण सुरक्षा महासंचालनालयाची, डीजीएमएसची परीक्षा असते. तिथेही पहिला प्रश्न पदवी कोणाची हाच. त्या बाजूने एनआयटीला काही अडचण नाही. कोरबा, दल्ली-राजहरा, बैलाडिला, सगळं याच राज्यात आहे, आणि हे कॉलेज मुळात त्यासाठीच निघालं होतं. माझं मत विचाराल तर, तिला खाणीचा तिटकारा नसेल तर मी एनआयटी घेईन. नुसतं नाव हवं म्हणून मायनिंग घ्यायचं आणि पुढे शाखा बदलून मिळेल या आशेवर राहायचं, हे मात्र करू नका. त्या जागा मोजक्या असतात आणि पहिल्या वर्षाच्या गुणांवर मिळतात. पण हे मी तुम्हाला का सांगतेय? ती आलीय ना बरोबर? माइक तिला द्या जरा.

(मुलगी: मी खाण कधी बघितलीच नाहीये. फोटोत बघितलीय.)

मग आधी ती बघ. दुर्गहून दल्ली-राजहऱ्याला गाडी जाते. आत जायला परवानगी लागेल, पण बाहेरूनही लाल डोंगर दिसतात, त्यांची पायऱ्या-पायऱ्यांनी केलेली कापणी दिसते. बाबांना घेऊन जा. चॉइस लॉक करायची तारीख यायच्या आत जाऊन ये.